पिराजी चारचौघांत पुढं होतो

एका गावात एक भोळा पिराजी होता. भोळा असं आपलं त्याची आई म्हणायची. गावाचा शब्द वेगळा होता, तो इथं नको. तिशी उलटली तरी पिराजीचं लग्न जमेना. आईच्या जिवाला घोर लागला.

"तू कुणाच्या नजरेतच भरत नाहीस," ती म्हणाली. "चारचौघांत पुढं व्हावं. मग लोक विचारतात, हा कुणाचा कोण?"

दुसऱ्याच दिवशी गावचे पाटील वारले. अंत्ययात्रा निघाली. सगळ्यांत पुढं त्यांचा थोरला मुलगा, हातात विस्तवाचं मडकं. पिराजीनं ते मडकं काढून घेतलं आणि चालू लागला.

"अरे, बाप माझा गेलाय!" मुलगा ओरडला.

"असू दे. तुम्ही या मागनं सावकाश."

लोकांनी विचारलं खरं, हा कुणाचा कोण. पण काठ्या हातात घेऊन विचारलं.

घरी आईनं उरलीसुरली पाठ शेकली. "मेल्या, थोरल्याला पुढं करावं, आपण मागं राहावं! मान खाली घालावी नि म्हणावं, देवाची इच्छा, आता रडून काय उपयोग!"

पिराजीनं घोकून ठेवलं.

महिन्याभरानं ते मुलगी बघायला गेले. बरोबर मामा, म्हणजे आईचे भाऊ. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, पण मिशांना ताजा कलप. पिराजी मामांच्या पाठीमागं दडून बसला. मुलीच्या बापाला कळेना, यातला नवरा मुलगा कोणता. एवढ्यात गोजरा पोहे घेऊन आली. मामांच्या खांद्याआडून आवाज आला, "देवाची इच्छा! आता रडून काय उपयोग!"

गोजरा इतकी हसली की पोहे सांडले. बापाला म्हणाली, "करीन तर याच्याशीच!"

आईला आनंदानं रडू फुटलं. "पोरा, आता असाच वागत जा," ती म्हणाली. इथंच चुकली बिचारी.

लग्नाचा दिवस उजाडला. अंतरपाटापलीकडं गोजरा, अलीकडं पिराजी, त्याच्यामागं रीतीप्रमाणं मामा. भटजींची नजर पोथीत. मंगलाष्टकं ऐकता ऐकता पिराजी दचकला. आपण पुढं आणि थोरले मागं! त्यानं मुंडावळ्या सोडून मामांना बांधल्या, हार त्यांच्या हातात दिला आणि त्यांना पाटावर उभं केलं. मामा "अरे, अरे" म्हणाले, पण फार मोठ्यानं नाही.

अंतरपाट सरला. गोजरानं लाजून खाली बघतच हार घातला. मामांनी घाईघाईनं आपलाही घातला. वाजंत्री दणाणली. मग गोजरानं वर पाहिलं आणि किंचाळली. आईनं कपाळ बडवून हंबरडा फोडला.

मामांच्या मागनं, मान खाली घालून, पिराजी म्हणाला, "देवाची इच्छा, आई! आता रडून काय उपयोग!"