खिडकीतली पाटी

"...पण गुरुजी, मीच तसं लिहून ठेवलं तर?"

तांबोळी गुरुजी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचं अक्षर?"

"प्रांजलचं."

गुरुजींनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

विचारणारा खैरे हा तरुण शिक्षक गावच्या शाळेत सोमवारीच रुजू झाला होता. राहायला गुरुजींच्या पडवीत, शिकवायला पहिलीचा वर्ग. उत्साह अंगात मावत नव्हता आणि खरं सांगायचं तर थोडी घमेंडही होती. सुंदर अक्षराचं बक्षीस त्याला मिळालं होतं आणि भेटलेल्या माणसाला ते कळायला दोन वाक्यंही लागत नसत.

आल्या आल्या त्याने वर्ग झाडला, जळमटं काढली, आणि खिडकीत पडून असलेली एक पाटी ओल्या फडक्याने लख्ख पुसली.

पोरं नुसती बघत राहिली. नव्या सरांना बोलायची कुणाची छाती होणार?

मंगळवारपासून वर्गाचं काहीतरी बिनसलं. कुणी पाटी पुसेचना. जुन्या अक्षरांच्या फटीत पोरं नवी अक्षरं कोंबायची. बुधवारी पाट्यांवर मुंगीलाही चालायला जागा उरली नाही. ही पोरं अशीच गबाळी, असं खैरे मनातल्या मनात म्हणाला. गुरुवारी त्याने दरडावून पाट्या पुसायला सांगितलं, तर दुर्वा नावाची चिमुरडी पाटी छातीशी धरून रडायला लागली आणि तिच्यामागोमाग सगळा वर्ग.

आज, शुक्रवारी, दुर्वाने तोंड उघडलं.

खिडकीतली पाटी प्रांजलची होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रांजल चार दिवस शाळेत आली. पाचव्या दिवशी तापाने फणफणली आणि तालुक्याच्या दवाखान्यात गेली ती गेलीच. पाटीवर तिने आपलं नाव लिहिलं होतं, त्याखाली 'आई', आणि त्याखाली घरची शेळी काढली होती. शेळीला पाय पाच होते. पहिलीला वह्या नव्हत्या, त्यामुळे तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच मागे राहिलं होतं.

तिची आई शालन दर शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात यायची. पाटी मांडीवर घ्यायची. पुसलं जाऊ नये म्हणून बोट न टेकवता अक्षरांवरून वरच्या वर फिरवायची, आणि पाटी पुन्हा खिडकीत ठेवून घरी जायची. लेकीची जागा शाळेतच आहे, असं तिचं म्हणणं होतं.

उद्या शनिवार.

"दुर्वाला सगळं पाठ आहे," खैरे घाईघाईने म्हणाला. "कुठे काय होतं, ते तिने मला दाखवलंय. अगदी तसंच लिहीन."

गुरुजी आत गेले. जुनी पाटी आणि पेन्सिल आणून त्याच्यापुढे ठेवली.

"लिही."

खैरेने लिहिलं. बक्षीस मिळवणारं अक्षर उमटलं, ओळीत आणि ताठ. त्याने ते तळव्याने पुसलं. डाव्या हाताने लिहून बघितलं. अक्षरं वेडीवाकडी आली खरी, पण कुणी लहान पोराची नक्कल करून दाखवावी तशी दिसली. मग शेळी काढली. सवयीने पाय चारच निघाले. पाचवा त्याने नंतर चिकटवला, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला पुढचं दिसेना.



"शालनताईंना वाचता येत नाही," खैरे म्हणाला. "त्यांना कळणार नाही, गुरुजी."

"नाही कळणार."

"मग?"

"म्हणूनच नको."

खैरेने तोंड ओंजळीत लपवलं. कालपर्यंत ज्या पोरीचं नावही ठाऊक नव्हतं, तिला आपण आपल्या हाताने पुन्हा एकदा नेलं, असं त्याला वाटत होतं. त्याची समजूत घालायला गुरुजी पुढे सरकले नाहीत. अंगणाकडे बघत ते स्वतःशी बोलावं तसं बोलू लागले.

"शालन माझ्या वर्गात होती."

खैरेने मान वर केली.

"एक आठवडा. सोमवारी आली, शनिवारी बाप न्यायला आला. धाकटं भावंड सांभाळायला घरी कुणी नव्हतं. पाटी छातीशी धरून निघाली होती. मी म्हटलं, पोरी, पाटी शाळेची आहे, ठेव... तिनं ठेवली."

"मग?"

"मग काय. तिनं पाटीवर काहीबाही गिरवलं होतं. मी ते पुसलं आणि पाटी दुसऱ्या पोराला दिली. काय गिरवलं होतं, ते बघितलंसुद्धा नाही."

अंगणात कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या होत्या. गुरुजींनी उठून खुराड्याचं दार लावलं.

"उद्या मी काय करू?" खैरेने विचारलं. आता त्याच्या आवाजात बक्षीसबिक्षीस काही उरलं नव्हतं. "कोरी पाटी त्या बाईच्या मांडीवर कशी ठेवू?"

गुरुजींनी त्याच्या पुढ्यातली पेन्सिल उचलली. त्याच्या तळहातावर ठेवली आणि आपल्या हाताने त्याची मूठ मिटवली.

"पुसली कुणी, ते आधी सांग. मग पाटी कोरीच दे... आणि ही पेन्सिल दे. माझ्याकडून तिला द्यायची राहिली."