उष्टी वीज

"मी उष्टी वीज घेणार नाही!"

शेंदूरगडच्या भर दरबारात राजोपाध्ये ताडकन उभे राहिले आणि डोक्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवून ओरडले.

संस्थानात वीज येऊन आठच दिवस झाले होते. नदीकाठी डायनामो बसला होता आणि दरबारात सात मानकऱ्यांच्या डोक्यावर सात दिवे लागले होते. हिंदूरावराजांचा हुकूम होता, की विड्याचं तबक जसं मानाप्रमाणे फिरतं, तशीच वीजही फिरली पाहिजे! आधी राजांच्या दिव्यात, त्यातून निघून राणीसाहेबांच्या, त्यातून राजोपाध्यांच्या, असं करत करत सगळ्यात शेवटी कोतवालांच्या. दौलू मिस्त्रीनं निमूटपणे तशी तार ओढली होती.

"दोन दिव्यांतून फिरून आलेली वीज! आणि मी सोवळ्यातला माणूस!" राजोपाध्ये थरथरत म्हणाले.

"मग मी काय करू?" राणीसाहेब फणकारल्या. "इकडच्या दिव्यातलं उरलेलं सगळ्यात आधी माझ्याच वाट्याला येतं!"

"तुम्हाला निदान उरलेलं तरी मिळतं," कोतवाल रडकुंडीला आले. "माझ्या डोक्यावर दिवा कसला, काजवा बसवलाय!"

खरं पाहिलं तर सातही दिवे सारखेच मिणमिणत होते. पण भांडणाच्या भरात वर बघतो कोण? तेवढ्यात सेनापतींच्या दिव्यातली बारीक तार फट्कन तुटली, आणि सातच्या सात दिवे गुल!

अंधारात राजेसाहेब गरजले, "मिस्त्री! उद्या सांजेपर्यंत सातही दिवे लख्ख पेटले पाहिजेत. एकाच्या दिव्यातली वीज दुसऱ्याच्या दिव्यात जाता कामा नये. एक विझला तर बाकीचे विझता कामा नयेत. आणि पहिला मान माझाच!"

"सरकार, मग डायनामोच सात लागतील..."

"डायनामो एकच! नाही जमलं, तर परवा सकाळी बिऱ्हाड उचलायचं आणि संस्थानाबाहेर व्हायचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दौलू मिस्त्री मुदपाकखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याची मुलगी तानू वाड्यावर पंगतीत वाढण्याचं काम करायची. ती वरणाचं भांडं कडेवर घेऊन बाहेर आली.

"आबा, जेवलात का?"

"कसलं जेवण, पोरी! उद्यापासून कुठल्या गावचं पाणी प्यायचं देव जाणे. वीज उष्टी होत नाही, हे या लोकांना कसं सांगू? पहिल्या दिव्यातून जेवढी जाते, तेवढीच सातव्यातूनही जाते. जोर मात्र सातजणांत वाटला जातो, म्हणून सगळे मिणमिणतात. एक तुटला की वाटच तुटते."

तानूनं भांडं खाली ठेवलं. "आबा, मी आत्ता वरण कसं वाढलं?"

"कसं म्हणजे? पळीनं."

"राजेसाहेबांच्या पानात ओतलं, तिथून ओघळ राणीसाहेबांच्या पानात, तिथून राजोपाध्यांच्या पानात, असं का?"

"भलतंच काय! भांडं पंगतीतून फिरतं आणि प्रत्येकाला वेगळं वाढतात."

"मग वीज का तशी ओघळ काढत वाढलीत?"

दौलू असा उठला, की त्याची टोपी वरणात पडली!

आधी डायनामो बंद केला आणि सेनापतींच्या तार तुटलेल्या दिव्याच्या जागी नवा दिवा लावला. मग बापलेकींनी दरबारभर दोन मोठ्या तारा समोरासमोर ओढल्या, एक वीज आणणारी आणि दुसरी परत नेणारी. प्रत्येक दिव्याचं एक टोक या तारेला, दुसरं त्या तारेला. शेवटी तानूनं राजांच्या बैठकीपाशी काहीतरी ठोकलं आणि त्यावर रुमाल टाकला.

सांजेला दरबार भरला. तानू पुढे झाली. "सरकार, रुमालाखालचा खटका दाबावा."

खट्!

सातही दिवे असे लख्ख पेटले, की कोतवालांनी डोळ्यांवर हात घेतले. "अरे, हा तर सूर्य!"

"हा दिवा माझ्या एकट्याचा?" राजोपाध्यांनी विचारलं. "कुणाच्या दिव्यातून आलेला नाही ना?"

"थेट मोठ्या तारेवरून वाढलाय, महाराज. कुणाच्या पानाला शिवलेला नाही," तानू म्हणाली.

राजेसाहेबांनी खटका बंद करवून सेनापतींचा दिवा काढायला लावला आणि पुन्हा खटका दाबला. बाकीचे सहा दिवे जसेच्या तसे! सेनापती तेवढे अंधारात मिशा चाचपत बसले.

पण राजे हट्टीच. ते एकदम उसळले, "थांब! सगळे दिवे एकदमच पेटले! कोतवाल आणि मी एकाच वेळी? माझा पहिला मान कुठे गेला? मिस्त्री, बिऱ्हाड बांध!"

तानूनं हात जोडले.

"सरकार, पंगतीत सगळी पानं वाढून झाली, तरी तुम्ही हात लावल्याशिवाय कुणी घास घेतो का?"

"कुणाची हिंमत आहे!"

"मग तो खटका कुणाच्या हाताशी आहे? मोठ्या तारेवर तो एकच आहे. तुमचं बोट हलेपर्यंत वीज दारात उभी राहते, सरकार. राजोपाध्यांना मिळत नाही, सेनापतींना नाही, राणीसाहेबांनासुद्धा नाही!"

राजांनी खटक्याकडे बघितलं. हळूच दाबला. खट्! अख्खा दरबार अंधारात. पुन्हा दाबला. खट्! लख्ख उजेड. खट्! अंधार. खट्! उजेड. सगळ्यांच्या पापण्या तालात उघडमीट करू लागल्या.

"अहो, पुरे आता!" राणीसाहेब ओरडल्या. "कोतवालांना घेरी येतेय!"

राजेसाहेब इतके हसले, की हसता हसता त्यांना ठसका लागला. "शाब्बास, पोरी! मागितला एक मान, तू तर सगळ्यांचे दिवे माझ्या बोटावर आणून ठेवलेस! बोल, काय देऊ?"

"आबांना इथंच राहू द्या, सरकार. आणि मला डायनामोवर कामाला घ्या."

"घेतलं! दौलू मिस्त्रीच्या बरोबरीच्या पगारावर!" असं म्हणून त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. ते तानूच्या मनगटात राहीना, म्हणून तिनं ते थेट दंडावर चढवलं.