तळहाताएवढ्या चित्राचा दर

नाशिकच्या लिलावात हेमांगी तांबट यांचं तळहाताएवढं चित्र पुढे आलं, तसे बिल्डर कोठावदे उभे राहिले. "टीचभर कागदाचे वीस हजार? स्क्वेअर फुटाला काय दर पडला, बाई? याहून माझे फ्लॅट स्वस्त."

बोली तिथेच थांबली. बाईंची महिनाभराची मेहनत, आणि हा गृहस्थ ती फुटावर मोजत होता.

बाई उठल्या. "साहेब, मी फक्त रंगवलेला कागद मोजलाय. तुमच्यासारखं जिना, लिफ्ट, पार्किंग धरून मोजलं असतं, तर फ्रेम, खिळा आणि ही अख्खी भिंतही चित्रात आली असती. मग दर तुमच्याहून कमीच पडला असता."

पहिलं हसू मागच्या रांगेत फुटलं. तिथे कोठावदेंच्याच इमारतींत फ्लॅट घेतलेली माणसं बसली होती.