कशासाठी आलीस

"...मग मुली तुमच्याकडेच का येतात, अक्का?"

रेवती घुगे उभ्याउभ्याच विचारत होती. कॉलेजात ती शिकवत असे, आणि तिथल्या तक्रार समितीची अध्यक्षही होती. कुणी मुलीच्या अंगाला हात लावला, मागे लागलं, धमकावलं, तर मुलीनं तिच्याकडे यायचं होतं.

वर्षभरात कुणी आलं नव्हतं.

इंदूअक्का ओसरीवर गवार मोडत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्या, तरी मुली त्यांच्या घरी येऊन बसत. एके काळी रेवतीही त्यांच्याच वसतिगृहात राहिली होती.

"बस," अक्का म्हणाल्या. "वर बघून मान दुखते माझी."

रेवती बसली नाही.

"मला वेगळी खोली दिलीय. कपाटाला कुलूप आहे. प्रत्येक मजल्यावर माझा नंबर लावलाय. नाव गुप्त राहील, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. आणखी काय करायचं माणसानं?"

"दमलीस."

"दमले." तिचा आवाज उतरला. "परवा कळलं, शेवटच्या वर्षाची एक मुलगी इथे येऊन रडते. उद्या मला वर्षाच्या अहवालावर सही करायचीय. तक्रारी शून्य. प्राचार्य खूश आहेत... तुम्ही नाव सांगा. मी आजच चौकशी सुरू करते."

"कर म्हणाली का ती?"

"नाव कळल्याशिवाय विचारू कशी?"

अक्कांनी आणखी दोन शेंगा मोडल्या. मग खिडकीतली एक जुनी वही ओढली आणि पेनासकट पुढे केली.

"आधी यात लिही. नाव, वेळ, आणि कशासाठी आलीस ते."

"तुमच्याकडे वही कधीपासून?"

"आजपासून. तुझ्या खोलीबाहेर शिपाई घेऊन बसतो, तशीच."

"अहो, तो कॉलेजचा नियम आहे. प्रत्येक ऑफिसबाहेर असते."

"मग इथंही असू दे."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या कौसल्याबाई आणि त्यांची जाऊ गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"बाईंचीसुद्धा हजेरी का, अक्का?" कौसल्याबाई हसल्या. "बघू तरी काय लिहितात."

जाऊ सुपासकट जवळ सरकली.

रेवतीनं पेन घेतलं. नाव लिहिलं. वेळ लिहिली. तिसऱ्या रकान्याशी तिचा हात थांबला. तिनं एकदा कौसल्याबाईंकडे पाहिलं, एकदा त्यांच्या जावेकडे.

मग एक शब्द लिहून तिनं वही मिटली.

अक्कांनी ती उघडली.

"सहज," त्यांनी वाचलं. "सहज आलीस होय?"

रेवती खाली बसली.

कौसल्याबाईंनी जावेला कोपरानं ढोसलं. दोघी सूप उचलून घरात गेल्या.

अक्का शेंगा मोडत राहिल्या.

"...एक मुलगी आली होती," रेवती म्हणाली. "श्रावणात. शिपायाच्या वहीत तिनं लिहिलं होतं, बोनाफाईडचा दाखला हवा. मी म्हटलं, अगं, तो खाली ऑफिसच्या खिडकीवर मिळतो."

"मग?"

"गेली. पंधरा दिवसांनी परत आली. परत बोनाफाईड. मी परत खिडकी सांगितली. पाणी प्यायली आणि गेली."

"आणि?"

"तिसऱ्यांदा आली, तेव्हा..." रेवती वहीचा कोपरा नखानं दुमडत राहिली. "तेव्हा मी ओरडले. म्हटलं, शेवटच्या वर्षाला आलीस, एवढं कळत नाही?"

अक्कांनी एका शेंगेची शीर ओढून काढली.

"तीच का, अक्का? सगळं नको. फक्त हो किंवा नाही म्हणा."

"तू सेकंड इयरला होतीस. माझ्या खोलीत बसून एक गोष्ट सांगितली होतीस."

रेवतीचं बोट थांबलं.

"एकोणीस वर्षं झाली. त्याबद्दल कधी कुणी तुला विचारलं?"

"...नाही."

"तुझ्या आईनं?"

"नाही."

अक्कांनी गवारीची परात तिच्याकडे सरकवली. रेवतीनं एक शेंग घेतली. दोघी खाली मान घालून शेंगा मोडत राहिल्या. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली उतरलं.

निघताना रेवतीनं वहीतलं ते पान फाडलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"शिपायाकडची वही उद्या उचलायला लावते. अहवालावर सहीही करत नाही." ती पायरीवर थांबली. "पण ती मुलगी... तिला शोधू कुठे? आणि सापडली, तर बोलू काय?"

"शोधू नकोस."

"आणि आपणहून आली तर?"

अक्कांनी रिकामी परात उलटी करून झटकली.

"तर समोर बसव आणि बोनाफाईड लिहून दे. हातानं... सावकाश."