आतली कडी

“मग दार का लावता, बाबा?”

यशोधनने खांद्यावरची पिशवी उतरवली नव्हती. एम.ए.ला सुवर्णपदक मिळवून तो या महानुभाव मठात जुन्या पोथ्यांची सांकेतिक लिपी शिकायला आला होता. आता शिक्षण अर्धवट टाकून निघाला होता.

महंत ओसरीत छाटी वाळत घालत होते.

“कुठलं दार?”

“आतल्या खोलीचं. मी आणि मुरलीधर एकाच वर्गातले. सकाळचा पाठ दोघांना एकच. मग जेवणं झाली की त्याला एकट्याला आत नेता. कडी लावता.”

“लावतो.”

“मी कान लावून ऐकलंय.”

“काय ऐकू आलं?”

“कुजबुज... आणि तुमचं हसू. लिपीची खरी किल्ली त्याला, अन् मला नुसती टरफलं! मला इथल्या शिक्षणाचं समाधान नाही, बाबा. तोंडावर सांगून जातोय.”

महंतांनी छाटीची सुरकुती हाताने सारखी केली.

“पाठ संपला की मी काय विचारतो?”

“‘कळलं?’ म्हणून विचारता.”

“तू काय म्हणतोस?”

“कळलं.” यशोधनची मान ताठ झाली. “दर वेळी. मुरलीधरच्या आधी.”

महंत वळले. आतल्या खोलीपाशी गेले आणि दारावर थाप मारली. कडी निघाली. आत एकटाच घोकत बसलेला मुरलीधर दारात उभा होता.

यशोधनने कोनाडे पाहिले. फडताळ पाहिलं. वाकून खाटेखालीही पाहिलं.

चौरंगावर एकच पोथी उघडी होती. सकाळचीच. पानही सकाळचंच.

“दुसरी कुठाय?”

“दुसरी कुठली?” मुरलीधर गोंधळला.

“लपवू नकोस. बाबा इथे काय शिकवतात तुला?”

“सकाळचंच. परत.”

“मग कडी कशाला?”

मुरलीधरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मीच लावायला सांगितली. मी ‘नाही कळलं’ म्हटलं की तू हसतोस, गड्या.”

यशोधन पानाकडे बघत राहिला. अक्षरं त्याला खडाखडा वाचता येत होती. तिसऱ्या ओळीचा अर्थ मात्र... सकाळी तिथूनच तो घाईघाईने पुढे गेला होता. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

महंतांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“कळलं?”

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

“...नाही.”

“कडी लावून घे.”