ज्या गावाहून खबर येत नाही

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. तेव्हा रस्ते होते, पण रस्त्यांवर पाट्या नव्हत्या, आणि एका गावाची बातमी दुसऱ्या गावाला पोचायची ती माणसाच्या पायांनीच. अशा एका राज्यात एक हरकारा होता. हरकारा म्हणजे निरोप्या, पण साधासुधा नव्हे, राजाचे निरोप पळत पोचवणारा. हातात घुंगरांची काठी, कमरेला पाण्याचा भोपळा आणि पाय अनवाणी.

त्या राज्यात निरोप लिहून देत नसत. कागद भिजतो, हरवतो, नाही तर शत्रूच्या हाती लागतो, असं राजाचं म्हणणं. निरोप तोंडी सांगायचा, हरकाऱ्याने तो तिथल्या तिथे परत म्हणून दाखवायचा आणि मग धूम ठोकायची. आपला हरकारा यात इतका पटाईत, की सांगणारा मध्येच खोकला असेल तर हाही पुढे जाऊन बरोबर त्याच जागी खोकायचा. निरोपाचा अर्थ मात्र तो कधी मनावर घेत नसे. कुणाकडे लग्न असो की कुणावर चढाई, त्याला त्याचं काय. निरोप दुसऱ्याचा असतो, आपण तो न सांडता वाहून न्यायचा, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं.

आणखी एक रीत होती. चांगली बातमी आणणाऱ्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि त्याने तो उभ्याउभ्याच खायचा. नको म्हटलं तर त्या बातमीला दृष्ट लागते, असं लोक मानत. राज्य सुखी, राजा भला, त्यामुळे बातम्याही बहुतेक चांगल्याच. मुलांनो, दारोदारच्या त्या गुळाचं ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. जरा दम धरा.

या माणसाला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जेवताना त्याचा गुडघा हलायचा, झोपेत पाय हलायचे. बायको म्हणायची की हे घरात असले तरी निम्मे रस्त्यावरच असतात. अलीकडे मात्र त्याला तहान भारी लागू लागली होती. कोसभर जातो न जातो तोच भोपळा रिकामा व्हायचा आणि अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटायचं. त्यातच एक नवल घडलं. त्याच्या पायांना काही टोचेनासं झालं. खडे असोत, सराटे असोत, तापलेली वाळू असो, काही म्हणून लागेना. हरकारा खूश झाला. देवाने आपले पाय वज्राचे केले, असं तो वेशीवेशीवर सांगत सुटला. बाकीचे हरकारे त्याच्या पायांना हात लावून नमस्कार करू लागले, आणि माणसाला एकदा नमस्काराची चटक लागली की तो पुढचं काही विचारत नाही.

एके दिवशी राणीसाहेबांसाठी गुडघ्याचं तेल हवं असा निरोप घेऊन तो राजधानीबाहेर राहणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या वैदीणबाईंच्या दारात आला. या बाई आता थकल्या होत्या, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत होती. निरोप सांगून तो तांब्यावर तांबे पाणी पिऊ लागला, तशा बाई त्याच्याकडे रोखून पाहू लागल्या. मग त्याची टाच त्यांच्या नजरेला पडली. तिच्यात बाभळीचा काटा मुळापर्यंत रुतला होता आणि भोवतालचं मांस लाल झालं होतं.

"हा कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?" हरकारा म्हणाला.

बाईंना हवं ते उत्तर मिळालं. त्यांनी काटा काढला आणि त्याला समोर बसवलं. गोड फार झालं आहे, ते तुझ्या रक्तात उतरलं आहे आणि त्याने तुझ्या पायांची जाण मारली आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वज्र वगैरे काही नाही, हा रोग आहे. रोग जायचा नाही, पण काळजी घेतलीस तर पाय राहतील. गुळाचा खडा कपाळाला लाव आणि त्याच घरातल्या पोरांना देऊन टाक. अनवाणी एक पाऊल टाकू नकोस. वहाणा झटकून मगच घाल. रोज दिवस मावळायच्या आत पाय धू, बोटांच्या बेचक्या कोरड्या कर, तळवे वर करून नीट बघ. जखम, फोड, लाली काहीही दिसलं तर त्या पायावर भार टाकू नकोस, तडक माझ्याकडे ये.

हरकाऱ्याचा गुडघा हलतच होता. बाईंना शंका आली, म्हणून त्यांनी सगळं परत म्हणायला लावलं. त्याने एका दमात म्हणून दाखवलं, बाईंच्या ठसक्यासकट. बाईंचं समाधान झालं. इथे बाई चुकल्या, पण ते त्यांना नंतर कळलं.

पावसाळा सरता सरता हरकारा पुन्हा आला. या वेळी निरोप नव्हता. बायकोने हाताला धरून आणला होता, कारण घरात वास यायला लागला होता. डाव्या पायाची करंगळी काळी पडली होती. पाय अनवाणीच होते. आणि तो उंबऱ्यात उभा राहून सांगत होता की लवकर काय ते करा, मला निघायचंय.

बाई संतापल्या. तुला सांगितलेलं सगळं कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं.

हरकारा दुखावला. "बाई, तुमचा एक शब्द मी सांडला नाही," असं म्हणून त्याने गुळापासून बेचक्यांपर्यंत सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, त्या ठसक्यासकट. बाई ऐकत राहिल्या. निरोप जसाच्या तसा होता. कुणाचाच नसल्यासारखा होता.

करंगळी वाचण्यातली नव्हती. बाईंनी ती काढली. हरकाऱ्याला काही लागलं नाही, उलट तो दाराबाहेर बघत होता. बायकोच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. हा पाय गेला तर याचं काय उरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाय नसलेला हरकारा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहत होता आणि तिला तो बघवत नव्हता.

पट्टी बांधताना बाईंनी विचारलं की एवढी तळमळ कसली लागली आहे.

तेव्हा तो बोलला. घाटापलीकडच्या चौकीकडून किती दिवसांत खबर नाही. दरबारात सगळे निवांत आहेत, तक्रार नाही म्हणजे सगळं क्षेम असणार असं म्हणतात. दरबारातल्यांना काय कळतं. "ठीक असतं तेव्हाही खबर येते, बाई. ठीक आहे अशी येते. काहीच येत नाही तेव्हा समजायचं की तिथे सांगायलाच कोणी उरलेलं नाही. ज्या गावाहून खबर येत नाही तिथे आधी पळायचं असतं."

बाईंचा हात थांबला.

"मग मला सांग," त्या हळू म्हणाल्या, "तुझ्या डाव्या पायाची खबर तुला शेवटची कधी आली?"

हरकाऱ्याचा गुडघा हलायचा थांबला. बायको पुढे सांगायची की तिने तो थांबलेला जन्मात पहिल्यांदा पाहिला.

बाईंनी उपदेश पुन्हा केला नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मुक्या गावात पोचलास की तू काय करतोस. हे सांगायला हरकाऱ्याला आवडत होतं. आधी वेस बघायची, ती फुटली आहे का. मग विहीर. मग प्रत्येक बोळात शिरायचं, एकही सोडायचा नाही, कारण माणूस पडलेला असतो तो नेमका शेवटच्या बोळात. बाई म्हणाल्या, चल तर मग, उजव्या गावात जाऊन ये.

त्याने उजवा पाय मांडीवर घेतला. टाच पाहिली. तळवा पाहिला. बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडल्या, आणि शेवटच्या बेचकीत त्याला ओली, पांढुरकी चीर सापडली. बाईंनी ती आल्या आल्याच पाहिली होती, पण त्या बोलल्या नव्हत्या. हरकारा त्या चिरेकडे पाहतच राहिला. मग तोंड फिरवून रडू लागला, आणि बाईंनी त्याला रडू दिलं.

"चूक माझीही झाली," त्या नंतर म्हणाल्या. "तुला म्हणायला लावलं आणि मला वाटलं, तुला कळलं. हा निरोप कुणासाठी आहे, तेच सांगायचं राहिलं. तो तुझ्यासाठी होता, बाबा. पुढे न्यायचा नव्हता."

जखमा भरेपर्यंत खाटेवर पडून राहायचं होतं. पळणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही. तो कूस बदलायचा, आढं न्याहाळायचा, बाहेर घुंगरं वाजली की ताडकन उठून बसायचा. बायकोने त्याची काठी लपवली आणि स्वतः दारात निवडणं घेऊन बसली. त्याने हात जोडून कारभाऱ्यांना सांगणं धाडलं, की मी नाही तर दुसरा कोणी पाठवा, पण चौकीवर माणूस पाठवा. दुसरा हरकारा गेला. चौकीतले सगळे शिपाई तापाने फणफणून पडले होते, पाणी द्यायलाही कोणी उभं नव्हतं. त्याने तशी खबर आणली, औषध वेळेवर पोचलं आणि ते वाचले. खाटेवरच्या माणसाने ही बातमी ऐकली आणि आपले दोन्ही तळवे पुन्हा एकदा तपासले.

बरा झाल्यावर तो वहाणा घालून पळू लागला. बाकीचे हरकारे हसले. वज्राचे पाय चांभाराकडे गेले म्हणाले. गुळाचा खडा तो कपाळाला लावून पोरांना देऊन टाकायचा, तेव्हा म्हाताऱ्या बायका दृष्टीचं बोलून दाखवायच्या, पण पोरांनी त्याची बाजू घेतली. आणि रोज सूर्य टेकला की तो जिथे असेल तिथे दगडावर बसून पाय धुवायचा आणि त्यांची विचारपूस करायचा.

मग एकदा खरी परीक्षा आली. राजाची लेक दूरच्या राज्यात दिली होती, तिचं बाळंतपण अडलं होतं, आणि इकडे राजा-राणीने अन्न सोडलं होतं. लेक आणि बाळ दोघं सुखरूप, हा निरोप आपल्या हरकाऱ्याच्या वाट्याला आला. अशी बातमी आणणाऱ्याला राजा भरदरबारात स्वतःच्या अंगावरचा शेला द्यायचा. सगळी वाट तो जीव टाकून पळाला. शेवटच्या चौकीपाशी आला तेव्हा समोर राजधानीचे बुरूज दिसत होते आणि सूर्य टेकला होता.

पळ, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं. एवढंसं तर राहिलंय, पाय राजवाड्यात जाऊन बघ. तो खाली बसला. बसवत नव्हतं, तरी बसला. उजव्या तळव्यावर एक फोड आला होता, अजून फुटला नव्हता. दुखत तर मुळीच नव्हता.

त्याने चौकीतल्या हरकाऱ्याला हाक मारली, निरोप सांगितला, परत म्हणवून घेतला. मग म्हणाला, "पळ. तिथे आई-बाप जेवायचे थांबलेत." तो पळाला. थोड्याच वेळात नगरात नौबत झडू लागली आणि शेला त्या दुसऱ्याच्या खांद्यावर पडला. आपला हरकारा नौबत ऐकत दगडावर बसून राहिला, आणि खोटं कशाला सांगू, त्याला फार वाईट वाटलं. मग बैलगाडीत बसून तो वैदीणबाईंकडे गेला. फोड चार दिवसांत सुकला.

तो शेला पुढे कुठे गेला, कुणाला आठवत नाही. हरकारा मात्र केस पिकेपर्यंत पळत राहिला, एक करंगळी कमी, पण दोन्ही पाय जागच्या जागी. आणि वैदीणबाईंनी त्यानंतर कुठल्याही रोग्याला पथ्य नुसतं म्हणून दाखवायला सांगितलं नाही. घरी जाऊन तू काय करशील ते माझ्यासमोर करून दाखव, असं त्या सांगत.

तात्पर्य: दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजू नये; ज्याची खबर येत नाही, त्याची विचारपूस आपण रोज करावी.