राळेचा घडा

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधीची गोष्ट. एका राज्याच्या पेठेत दोन गूळवाले शेजारी-शेजारी राहत. एक हैबती, दुसरा तुळाजी. दोघांच्या वखारी सारख्या, गूळही सारखाच गोड. पण तुळाजीकडे नुसतं गिऱ्हाईक हसलं, तरी इकडे हैबतीच्या पोटात दुखायचं.

वखारींची दारं बैलगाडी आत जाईल एवढी रुंद. त्यांतून पावसाळी वारा शिरे आणि गुळाला पाणी सुटे. त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली, "पावसाळा संपल्यावर ज्याचा गूळ कोरडा राहील, त्याचाच गूळ राजवाड्यात येईल." तुळाजीने लगेच धुळबा गवंड्याला बोलावलं आणि दोन्ही बाजूंनी विटा चढवून दार निम्मं करून घेतलं. ते पाहून हैबतीला कुठला धीर! त्यानेही धुळबाला हाक मारली.

धुळबा म्हणाला, "शेठ, जुन्या भिंतीच्या पायाशी राळेचा लेप दिलेल्या फरशांचा थर आहे. तो जमिनीतली ओल वर चढू देत नाही. नव्या विटांखालीही तसाच थर घालून जुन्याला नीट भिडवावा लागेल. वाळायला आठ दिवस जातील."

"तुळाजीने घातला का?"

"घातला की! उरलेला लेपही त्यांनी तुमच्यासाठी पाठवलाय. हा बघा घडा."

हैबतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याचा उष्टा लेप मी लावू? उद्या अख्खी पेठ म्हणेल, हैबतीने तुळाजीची नक्कल केली! थर-बिर काही नको. विटा सरळ जमिनीवर चढव. आणि वर गिलाव्यात मोर काढ. चांगले दोन काढ! त्याच्याकडे एकही नाही."

"अहो शेठ, मोर ओल अडवतात होय?" धुळबा पुटपुटला.

पण ऐकतो कोण! घडा कोपऱ्यात गेला, मोर दारावर आले. येणारे-जाणारे थांबून मोर बघत, आणि हैबती चोरून तुळाजीचं तोंड बघे. तुळाजी आपला हसून सगळ्यांना सांगे, "मोर छान झालेत हो!" त्याने तर हैबती आणखीच जळे.

पाऊस लागला. नव्या विटांतून ओल गुपचूप वर चढली. मोरांचे पाय गळाले, पिसाऱ्यांचे पोपडे पडले. भिंतीला लावून रचलेल्या ढेपा पाघळल्या आणि वखारभर मुंगळे झाले.

"तुळाजीनेच माझ्या भिंतीत पाणी सोडलंय!" हैबतीने बोंब ठोकली आणि पंचांना बोलावलं.

पंचांसमोर धुळबाने गिलावा खरवडला. जुनी भिंत कोरडी ठणठणीत. नव्या विटा मात्र जमिनीपासूनच ओल्या.

"खाली थर का नाही घातला?" पंचांनी विचारलं.

धुळबाने कोपऱ्यातला घडा उचलून पुढे ठेवला. तोंड बांधलेलं तसंच, घडा काठोकाठ भरलेला.

"हा कुणी दिला होता?"

हैबतीची मान खाली गेली. "तुळाजीने," तो म्हणाला.

राजवाड्यात तुळाजीचा गूळ गेला. हैबतीचा वर्षाचा गूळ गुरांच्या गव्हाणीत गेला.

लहानांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: हेवा करणारा माणूस शेजाऱ्याचं चांगलंही नाकारतो, आणि त्यात नुकसान त्याचं स्वतःचंच होतं.